गाडी गरम होईपर्यंत

मोठ्या सरांचा फोन आला तेव्हा बाई चपलांचं कपाट लावत होत्या. त्या आठवड्यातली ती तिसरी खेप. चपला सगळ्या मिळून चार जोड, त्यातला एक मिस्त्रींचा, आणि तो चार वर्षांत जराही झिजलेला नव्हता. पण बाईंच्या हातांना काम लागतं. काम नसलं की ते हात काहीतरी उकरून काढतात आणि मग घरातल्या एकाही वस्तूची धडगत नसते.

मोठे सर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. बाईंनी त्यांच्याकडे एकोणीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती. सरांनी आढेवेढे न घेता सांगितलं, की सकाळी शिकवणारा माणूस सोडून चाललाय. बाई सोमवारी आठ वाजता स्वतःची गाडी घेऊन हजर झाल्या तर जागा त्यांची, नाहीतर दुसऱ्या एकाला शब्द देऊन टाकतो.

"येते," बाई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि मग विचार केला. बाईंची ही जुनी खोड. तो मंगळवार होता. गाडी चार वर्षं शेडमध्ये उभी होती, तिची चाकं बसली होती, बॅटरी केव्हाच मेली होती. आणि शेडच्या भिंतीपलीकडच्या खोलीत मिस्त्री खुर्चीत बसले होते. बाईंचा नवरा. एकेकाळी गावातल्या सगळ्या बिघडलेल्या गाड्या ज्यांच्या दारात यायच्या ते मिस्त्री. आता त्यांचा उजवा हात अर्धाच ऐकायचा, पाय ओढत चालायचा, आणि बोलताना एखाद्या शब्दापाशी थांबून तो शोधून आणावा लागायचा.

बाईंना त्यांची शिकाऊ मंडळी मागून ब्रेकबाई म्हणायची. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटसमोर एक जादा ब्रेक असतो. एकोणीस वर्षं तो दाबून दाबून बाईंच्या पायाला सवयच लागली. कोणी भाजी चिरताना सुरी बोटाजवळ नेली की पाय दाबायच्या. टीव्हीवर कोणी जिना उतरला तरी दाबायच्या. मिस्त्रींना पहिल्या वर्षी चमच्याने भरवावं लागायचं, तेव्हा सूप हनुवटीवर सांडायला लागलं की टेबलाखाली यांचा पाय दाबलेला. पायाला भिंगरी लागलेली ही बाई चार वर्षं घरात बसली, याचं ओळखीच्या लोकांना नवल वाटायचं. बसली कुठली, घरातल्या घरात फिरत राहिली.

घरात राहायला कारण होतं आणि ते बाई कोणाला सांगत नसत. मिस्त्री पडले तेव्हा घरी कोणी नव्हतं. बाई एका नवख्या माणसाला चढावर गाडी थांबवायला शिकवत होत्या. त्या माणसाला ते जमेना, बाईंनी हट्टाने अर्धा तास जास्त घेतला. घरी आल्या तर मिस्त्री स्वयंपाकघरात फरशीवर. दोन तास तसेच पडलेले, डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर हात कदाचित वाचला असता. डॉक्टर सहज बोलून गेले. बाईंच्या मनात ते वाक्य घर करून राहिलं. त्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे त्या मिस्त्रींना एकटं टाकून कधी गेल्या नाहीत. लांबचं काम असलं की वन्सं, म्हणजे मिस्त्रींच्या थोरल्या बहीण, येऊन बसत.

दुसरीही एक गोष्ट बाई कोणाला सांगत नसत. दर बुधवारी दुपारी व्यायाम करून घेणारी नर्स निघून गेली की मिस्त्री दमून झोपत. तेवढ्यात बाई शेडमध्ये जात. दार अर्धं उघडत, गाडीत बसत, किल्ली फिरवत. गाडी बाहेर काढत नसत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून दोन मिनिटं बसायचं, मग बंद करून कांदे निवडायला परत. गाडी अधूनमधून चालू केली की चांगली राहते, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. दोन वर्षं असं चाललं. मग एका बुधवारी किल्ली फिरवल्यावर नुसतं टक् वाजलं आणि ते सुखही संपलं.

मंगळवारी संध्याकाळी बाईंनी मिस्त्रींना सरांचं सांगितलं. सकाळचेच चार तास आहेत, वन्सं येऊन बसतील, तुम्हाला चालणार नसेल तर मी नाही म्हणून कळवते, असं सगळं एका दमात. मिस्त्रींनी ऐकून घेतलं.

"गाडी... आधी बघू," ते म्हणाले.

"उद्या नवी बॅटरी आणते आणि लावते."

"बॅटरी शेवटी." मिस्त्रींनी डावा हात वर केला. "चार वर्षं उभ्या इंजिनाला... एकदम किल्ली मारायची नाही. आत सगळं कोरडं असतं. ओरखडे पडतात."

बुधवारी सकाळी शेडच्या दारात स्टूल मांडून बाईंनी मिस्त्रींना बसवलं. हातात काठी, तीच दाखवायला. काठी जिकडे जाईल तिकडे बाई. चाकांना पुढून मागून विटा लावल्या. मेलेली बॅटरी काढून बाहेर ठेवली. एअर फिल्टरचा डबा उघडला तर उंदरांनी आत कापूस, कागद आणि बाईंच्या एका जुन्या मोज्याचा अर्धा भाग नेऊन छान बिऱ्हाड थाटलेलं. बिऱ्हाडकरू गेलेले होते. एका वायरचं आवरण त्यांनी जाता जाता खाल्लं होतं, तिला मिस्त्रींनी टेप लावून घेतली. सायलेन्सरच्या नळीत बाईंनी वाकून टॉर्च मारला, तिथे काही नव्हतं. पट्टे दाबून पाहिले, रबरी नळ्या पिळून पाहिल्या, एक तडकली होती.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"ऑइल टाकतात ते... झाकण. उघड."

बाईंनी इंजिनावरचं झाकण फिरवून काढलं. आतल्या बाजूला फिकट, चिकट साका बसला होता, कॉफीत दूध जास्त झाल्यावर दिसतो तसा. बाईंना त्याचा अर्थ कळला नाही. मिस्त्रींनी झाकण हातात घेतलं, अंगठ्याने साका पुसला, अंगठा बराच वेळ पाहिला. मग रेडिएटरचं पाणी बघायला लावलं. पाणी काठोकाठ होतं.

"गॅस्केट ठीक आहे... रेडिएटरचं पाणी आत गेलेलं नाही," ते म्हणाले आणि झाकण परत दिलं. "आज पुरे."

आज पुरे म्हणजे काय? सकाळचे अकरा वाजले होते. बाईंनी हात धुतले, पुन्हा शेडमध्ये गेल्या, पुन्हा आल्या. बुधवार संपला तेव्हा सोमवारला चारच दिवस उरले होते आणि गाडी होती तिथेच होती.

गुरुवारी मिस्त्रींनी टाकीतलं जुनं पेट्रोल काढायला सांगितलं. उघड्यावर, हातपंपाने, आसपास काडी पेटवायची नाही, फोन खिशात नको. पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येत होता. मग गाडी जॅकवर उचलून, नुसत्या जॅकवर विसंबायचं नाही म्हणून खाली लाकडी ठोकळे रचून, जुनं ऑइल सोडलं. ते काळं यायला हवं ते राखाडी आलं. मिस्त्रींनी त्याच्याकडेही बराच वेळ पाहिलं. नवा फिल्टर, नवं ऑइल. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल.

"आता उद्यापर्यंत... थांबायचं."

"उद्या? अहो, तासाभरात उतरेल की ते खाली."

"उद्या."

बाईंचा स्वभाव पाहता हे सगळं त्यांनी मुकाट ऐकलं याचंच कौतुक. पण रात्री जेवताना त्यांच्या मनात एक शंका येऊन बसली आणि हलेना. मिस्त्री वेळ तर काढत नाहीत? रविवारपर्यंत काही ना काही बाकी ठेवायचं, म्हणजे सोमवार आपोआप टळेल. त्यांना एकटं राहायची भीती वाटत असेल. वाटणारच. दोन तास फरशीवर पडलेल्या माणसाला नाही वाटणार तर कोणाला? आणि तसं असेल तर त्यांच्याशी भांडायचा आपल्याला काय हक्क आहे? बाईंना मिस्त्रींचा राग आला, त्या रागाची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला. ताटं घासताना एक कप फुटला.

शुक्रवारी पुढचं चाक काढून, आतल्या पुलीच्या मोठ्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं होतं. गिअर न्यूट्रल, प्लग काढलेले. मिस्त्री म्हणाले, हळूहळू, दोन फेरे झाले की समजायचं आत काही अडकलेलं नाही. बाईंनी पाना ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. नाही. भिंतीला पाय लावून ओढला तेव्हा खांद्यातून कळ आली, पण पुली जागची हलली नाही.

कोपऱ्यात लोखंडी पाइप होता. पान्याच्या दांड्यावर चढवला की जोर चौपट. बाईंनी तो उचलला.

"नको," मिस्त्री म्हणाले.

"जोर कमी पडतोय एवढंच."

"पाइप ठेव. तुटेल काहीतरी. वरून आणखी ऑइल घाल... उद्या बघू."

"उद्या, उद्या. आज शुक्रवार आहे." बाईंचा आवाज चढला. "तुम्हाला ती चालूच व्हायला नकोय. स्पष्ट सांगा ना. मी जाऊ नये असं वाटतं तर तसं म्हणा. मी फोन करून नाही म्हणते सरांना, एका शब्दाने कुरकुर करणार नाही. पण हे रोज एकेक काम काढून मला झुलवत ठेवू नका."

काठीच्या टोकाने मिस्त्रींनी शेडच्या भिंतीवर दोनदा ठोकलं. भिंतीपलीकडे त्यांची खोली होती.

"ही भिंत एका विटेची आहे," ते म्हणाले. "दर बुधवारी. दोन मिनिटं."

बाईंच्या हातातला पाइप तसाच राहिला.

"झोपलेले असायचात ना तुम्ही?"

"डोळे मिटून पडायचो. तू जाईपर्यंत." मिस्त्री शब्द शोधत होते, पण या वेळी सोडत नव्हते. "गार इंजिन... दोन मिनिटं चालवून बंद केलं की आत वाफ धरते. पाणी होतं. ते ऑइलमध्ये जातं. साका पाहिलास ना. तो पाण्याचा. पाण्याने गंज चढतो. म्हणून आज हलत नाही."

म्हणजे गाडी आपणच मारली. बाई विटेवर टेकल्या. दर आठवड्याला, प्रेमाने, न चुकता. हजार लोकांना गाडी शिकवलेल्या बाईला एवढं कळू नये? चालवणं आणि इंजिन सांभाळणं ही दोन निराळी खाती होती आणि दुसरं खातं कायम मिस्त्रींकडे होतं. तिकडे त्यांनी कधी लक्षच घातलं नव्हतं.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून कळत होतं?"

"आवाजावरून."

"मग बोलला का नाहीत? एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

"तू जाणं बंद केलं असतंस."

"इंजिन वाचलं असतं."

"इंजिन खोलता येतं," मिस्त्री म्हणाले.

बाईंना रडू आलं. त्या चारचौघांत काय, एकांतातही सहसा रडत नाहीत, पण आता शेडमध्ये विटेवर बसून रडल्या आणि डोळे पुसायला गेल्या तर तोंडाला काळं लागलं. दोन वर्षं हा माणूस भिंतीला कान लावून एक चांगलं इंजिन बिघडताना ऐकत होता. ज्याला शेजारच्या गल्लीतल्या स्कूटरचा व्हॉल्व खडखडला तरी चैन पडत नसे, तो. मिस्त्रींनी त्यांना रडू दिलं. मग काठीने पाइप दाखवला, तो कोपऱ्यात परत जाईपर्यंत काठी खाली घेतली नाही.

शनिवारी सकाळी चहाच्याही आधी बाईंनी पाना लावला. ओढला, सोडला, उलट्या बाजूला किंचित दाबला, पुन्हा ओढला. मिस्त्रींनी सांगितलं होतं तसं, हट्ट न करता. सहाव्या की सातव्या खेपेला पाना बोटभर सरकला. बाई ओरडल्या नाहीत, श्वास धरून तसंच ओढत राहिल्या. अर्ध्या तासाने पहिला फेरा पूर्ण झाला, दुसरा पाच मिनिटांत, आणि पुढचे लोण्यासारखे.

त्यानंतर बॅटरी. दुकान तीन गल्ल्या पलीकडे, म्हणून तेवढ्यापुरत्या वन्सं येऊन बसल्या. बाईंनी ती बाजाराच्या ट्रॉलीवर घालून आणली. चाक मोडलं तेव्हा उरलेली गल्ली पोटाशी धरून आल्या. पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून, प्लग न लावता, नुसता स्टार्टर फिरवायचा होता. दहा सेकंद फिरवायचं, मिनिटभर थांबायचं. कशाला, तर ऑइल वरपर्यंत चढावं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा चौथ्या खेपेला विझला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर बाईंना चार वर्षांत पहिल्यांदा मिस्त्री दिसले.

रविवारी पुढचं चाक चढवून, तडकलेली नळी बदलून, चाकांत हवा भरून, प्लग लावून, ताजं पेट्रोल घालून, शेडची दोन्ही दारं सताड उघडून सगळी तयारी झाली. मिस्त्रींचं स्टूल धूर लागणार नाही असं अंगणात ठेवलं. बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, बंद पडलं. दुसऱ्यांदा खोकलं, थडथडलं, आणि धरलं. सायलेन्सरमधून निळा धूर निघाला, चमचाभर ऑइल जळत होतं, ते अपेक्षितच होतं.

"रेस देऊ नकोस. ब्रेक बघ."

बाईंनी ब्रेक दाबून पाहिला. घट्ट लागत होता. गाडी हातभर पुढे घेतली, पुन्हा दाबला. गंजलेल्या चकत्या कुरकुरल्या पण चाकं थांबली. दोन मिनिटं झाली होती. सवयीने बाईंचा हात किल्ली बंद करायला गेला.

"बंद करायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "आधी गल्लीत दोनदा ब्रेक दाबून बघ. मग मोठ्या रस्त्याला जा. टेंपरेचरचा काटा मध्यावर येऊ दे, आणि त्यानंतर... अर्धा तास तरी चालव. आतलं पाणी जळून जायला हवं. त्याआधी परत यायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"ताईला फोन केलाय मी."

बाई निघाल्या. गल्लीत दोनदा ब्रेक दाबला, कोपरा वळल्या आणि पहिली दहा मिनिटं काय चालवलं ते त्यांना धड आठवत नाही. वन्सं वाटेत कोणाशी बोलत उभ्या राहिल्या असतील. मिस्त्री स्टुलावरून एकटे उठले असतील. स्वयंपाकघरातली फरशी ओली राहिली होती का? पाय उगीच ब्रेककडे जात होता. बाराव्या मिनिटाला काटा मध्यावर आला. डावीकडचा रस्ता घराकडे वळत होता. अर्ध्या तासाचं कोण बघतंय, असं त्यांच्या मनात आलंही.

त्या वळल्या नाहीत. सरळ गेल्या. नदीवरचा पूल आला, चढ आला, चढावर मुद्दाम गाडी थांबवून त्यांनी पुन्हा सफाईने उचलली. काच खाली केली. बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचीच धास्ती होती. परतीला पुलावर घड्याळ पाहिलं तर घरातून निघून एक तास दहा मिनिटं झालेली.

अंगणात स्टूल रिकामं होतं. दाराशी वन्संच्या चपला नव्हत्या. बाईंनी गाडी चालू ठेवूनच उडी मारली आणि हाका मारत आत धावल्या.

मिस्त्री स्वयंपाकघरात होते. उभे. कंबर ओट्याला टेकवून, डाव्या हातात कप. निम्मा चहा ओट्यावर होता, साखर जमिनीवर.

"वन्सं कुठायत?"

"येऊ नको म्हणून सांगितलं."

"अहो, पण तुम्ही एकटे, या फरशीवर, तासभर..."

मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला. या वेळी शब्दासाठी त्यांना थांबावं लागलं नाही.

"चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कोणी बघत नव्हतं," ते म्हणाले. "फार बरं वाटलं."

बाईंना वाईट वाटलं. चार वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळलेल्या माणसाने असं म्हणावं म्हणजे वाटणारच. पण पुलावर आपल्याला काय वाटलं होतं तेही त्या विसरल्या नव्हत्या.

"उद्या किती वाजता?" मिस्त्रींनी विचारलं.

"आठला."

"मग साडेसातला नीघ. आणि ताईला रोज कशाला त्रास. अकरा वाजता एकदा... डोकावली तरी पुरे."

बाईंनी सांडलेली साखर गोळा करायला फडकं उचललं. मग ते तिथेच ठेवलं, मिस्त्रींच्या हाताला येईल असं, आणि गाडी बंद करायला बाहेर गेल्या.